बनवलेलं वाक्य

पेन्सिल शोधायला पर्समध्ये हात घातला आणि बोटांना लागला तो चमचा — डब्याच्या दुधासोबत येतो तसला, पिवळट, आखूड दांडीचा, आतल्या कडेला सकाळची भुकटी अजून चिकटलेली. तिने तो बाहेर काढला नाही. पर्समध्येच अंगठा त्याच्या खोलगटपणावरून फिरवत राहिली. चौऱ्याहत्तर साल होतं ते. त्या साली बाजारातून एकेक वस्तू अशी दिसेनाशी होत होती की जणू कुणी घर बदलतंय आणि सामान थोडं थोडं हलवतंय — आधी रॉकेल, मग साबण, मग कागद, आणि शेवटी डब्याचं दूध. आणि चमचा इथे, शब्दकोशाच्या कचेरीत, तिच्या पर्समध्ये. म्हणजे घरी डबा आहे आणि चमचा नाही. म्हणजे दुपारचं दूध सासूबाई अंदाजाने करणार. आणि सासूबाईंचा अंदाज... उभा जन्म काटकसर केलेला हात तो. त्या हाताला कमी घालणंच ठाऊक.

सकाळी काय झालं ते तिने मनात पुन्हा लावून पाहिलं. चमचा काठोकाठ भरायचा, सुरीच्या पाठीने सपाट करायचा, ढीग नको आणि खळगाही नको — गेले तीन महिने ती हे अशा तन्मयतेने करत होती की सासूबाई म्हणायच्या, "अगं, दूध करतेयस की सोनं तोलतेयस?" आज सुरी घसरली. थोडी भुकटी ओट्यावर सांडली, ती कागदाच्या कडेने गोळा करून पुन्हा डब्यात टाकली, मग बाटली, मग बुचाला उकळतं पाणी, मग ठकीचं तोंड — ठकी हे काही तिचं खरं नाव नव्हे, डोकं मोठं आणि हातपाय काड्यांसारखे म्हणून सासूबाईंनी पाडलेलं — आणि बस चुकेल म्हणून धावताना रुमाल समजून... असंच झालं असणार. मी अजूनही घाईत भलत्याच वस्तू उचलते. पण त्या दिवशीच्या त्या बाईला 'मी' म्हणायला जीभ वळत नाही. केस घट्ट मागे बांधलेली, संसाराला नऊ वर्षं होऊन मूल न झालेली, आणि तीन महिन्यांपूर्वी अचानक एका पोरीच्या बाटलीची, झोपेची, लंगोटांची मालकीण झालेली ती. मालकीण नव्हे. राखणदार.

ठकी तिच्या धाकट्या बहिणीची. बाळंतपणानंतर धाकटीला ताप आला, तापात दूध आटलं ते आटलंच, आणि तिच्या गावात डब्याचं दूध मिळेना. इथे मिळत होतं असं नाही. पण हिचा नवरा औषधांच्या घाऊक दुकानात कामाला होता, आणि माल आला की मालक आपल्या माणसांना एकेक डबा बाजूला काढून देत असे. म्हणून धाकटी एके दिवशी पोरीला घेऊन आली आणि एकटी परत गेली. तिकडे डबे मिळायला लागले की न्यायची, असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे तसं कुणी बोललं होतं. बाकीच्यांनी माना हलवल्या होत्या.

आणि आज फोन यायचा होता. तिकडच्या औषधवाल्याने धाकटीला सांगितलं होतं, आज माल उतरणार. उतरला तर ती संध्याकाळच्या बसने न्यायला येणार, नाही उतरला तर नाही. फोन घरी नव्हता, कचेरीत मास्तरांच्या टेबलावर होता, काळा, एका बाजूने चीर गेलेला. सकाळपासून ती त्या फोनकडे पाहत नव्हती. न पाहण्याने मान आखडली होती.

कचेरी छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. खाली यंत्र चालू झालं की टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरे. इंग्रजी शब्दांना आपल्या भाषेतले अर्थ द्यायचे, हे काम; वाटणी अक्षरांवर केलेली, आणि माणसंही अक्षरांवरूनच ओळखली जात. ती डी-बाई. पलीकडच्या टेबलावर सी-वाले, पन्नाशीचे, वर्तमानपत्राची कात्रणं कापून बोटांना शाई लागलेले, ते इतकी वर्षं सी करत होते की नवीन माणसाला सांगत, "हे अक्षर नाही हो, जन्मठेप आहे. सुटेन तेव्हा दात नसतील." आणि खिडकीशी मास्तर, कोशाचे संपादक, पूर्वी शाळेत शिकवायचे म्हणून मास्तर. त्यांचा एक नियम होता आणि तो साऱ्या कचेरीच्या अंगात भिनला होता — अर्थाखाली जे वाक्य द्यायचं ते कानावर पडलेलं हवं. घरात, बसमध्ये, रांगेत, कुणीतरी खरोखर बोललेलं. कार्डाच्या पुढच्या बाजूला वाक्य. मागच्या बाजूला कोण म्हणालं, कुणाला म्हणालं, कोणत्या स्वरात. बनवलेलं वाक्य मास्तर कार्ड उलटं न करता ओळखत. "हे उकडून सोललेल्या बटाट्यासारखं आहे," म्हणत आणि परत देत. "गुळगुळीत. माणूस असा बोलत नाही. माणसाला काही हवं असतं म्हणून तो बोलतो, आणि हवं असलं की माणूस अडखळतो."

त्यामुळे तिच्यासमोर बोलायला माणसं कचरत. सासूबाई सरळ म्हणत, "हिच्यापुढे मीठ कमी आहे म्हणायचीही सोय नाही. उद्या छापून यायचं." नवरा आधीच कमी बोलणारा, तो आणखी कमी बोलायला लागला, मात्र कधीकधी ताटावर बसून एखादं वाक्य मुद्दाम सुबकसं टाके आणि तिच्याकडे पाही. तिने ते कधी लिहून घेतलं नाही. ते बनवलेलं असे, हे तिला कळे... ते तिच्यासाठी बनवलेलं असे, हे कळायला पुढे बरीच वर्षं जावी लागली.

आजचा शब्द होता डर्थ.

तिने सकाळी आल्या आल्या कार्डावर लिहिलं होतं — अभाव. पहिला अर्थ, पहिली ओळ. मास्तर टेबलाशी येऊन उभे राहिले, चष्मा कपाळावर, आणि त्यांनी बोट त्या शब्दावर ठेवलं.

"हे काय, बाई?"

"अभाव. नसणं."

"नसणं वेगळं." ते खिडकीबाहेर पाहत बोलत, फळ्याकडे पाठ करून बोलायची जुनी सवय. "चंद्रावर पाणी नाही. तिथे पाण्याचा तुटवडा आहे असं म्हणतो का आपण?"

"नाही."

"का नाही?"

तिने कार्डाची कड सरळ केली. उत्तर येत होतं, पण ते द्यायला तोंड उघडलं तर दुसरंच काही बाहेर येईल असं वाटलं.

"तिथे तहानलेलं कुणी नाही म्हणून," मास्तर म्हणाले. "या शब्दाला एक माणूस लागतो. हवं असणारा. वस्तू कमी, आणि ती हवी असणारं कुणीतरी समोर उभं. दोन्ही असलं तरच हा शब्द. टंचाई, तुटवडा, वानवा, दुष्काळ — बघा कुठला कुठे बसतो ते. पैशांची चणचण असते, शहाण्या माणसांची वानवा असते, पाण्याची टंचाई. अभाव खोडा."

तिने अभाव खोडला. रेघ मारताना पेन्सिलीचं टोक मोडलं.

हवं असणारं कुणीतरी... नऊ वर्षं घरात मूल नव्हतं. पहिली दोनतीन वर्षं दवाखाने झाले, औषधं झाली, दर महिन्याचा तो एक दिवस न्हाणीघरात दार लावून झाला. मग ते सगळं हळूहळू थांबलं, भांडं झिजत जावं तसं, आवाज न करता. लोक म्हणत, बिचारी. बिचारी कसली? सकाळी कचेरी, संध्याकाळी भाजी निवडताना रेडिओ, रविवारी दोघं चालत पुलापर्यंत. काही कमी नव्हतं. नव्हतं ते नव्हतं, आणि त्याच्यासमोर कुणी उभं नव्हतं. चंद्रावरचं पाणी. आणि मग ठकी आली. पहिल्या रात्री पोर तिच्या कुशीत अंग वळवून, बोट घट्ट धरून झोपली, आणि ती स्वतः पहाटेपर्यंत हात न हलवता पडून राहिली — हात बधिर झाला, मुंग्या आल्या, तरी हलवला नाही — तेव्हा कुठूनशी ती तहानलेली बाई येऊन उभी राहिली, जी कधी नव्हतीच किंवा होती आणि बसून होती...

"ऐका, डी-बाई, तुमच्या कामाचं." सी-वाल्यांनी कात्री खाली ठेवली. "मंत्री म्हणतात, देशात दुधाच्या भुकटीचा मुळीच तुटवडा नाही. हा तुमचा शब्द निम्म्या वेळा 'नाही'ला टेकूनच येतो बघा. नाही नाही म्हणाले की समजायचं, आहे."

"आणि?"

"आणि खाली बारीक अक्षरात — भुकटीचं जहाज बंदराबाहेर उभं आहे, धक्का रिकामा नाही, उतरवायला वेळ लागेल." ते हसले. "माल आहे, तोंडं आहेत, मध्ये समुद्र. बरं वाक्य होईल की नाही?"

वेळ लागेल. तिच्या छातीत काहीतरी सैल झालं, इतकं गोड सैल की तिने टेबलाची कड धरली. राहू दे उभं. महिनाभर राहू दे. पावसाळाभर राहू दे... आणि मग सकाळची ती बाई आठवली, औषधाच्या बंद दुकानापाशी पायरीवर बसलेली, मांडीवर पोर, पोराच्या तोंडात साखरपाण्यात बुडवलेलं फडकं. बस तिच्यासमोरून हळू गेली होती. बाईने वर पाहिलं होतं आणि हिने मान वळवून पाटी वाचली होती — दुकानाची पाटी, रोजची, पाठ असलेली. राहू दे उभं म्हणजे तीही बसू दे. तिच्यासारख्या गावोगावच्या बसू देत, पोरं फडकी चोखू देत, माझ्या एका पोरीसाठी. माझ्या? ती पटकन उठली आणि माठातलं पाणी प्यायली. थंड होतं. खाली यंत्र सुरू झालं आणि पेले थरथरले.

फोन वाजला.

मास्तरांनी उचलला. ती तिथेच माठापाशी. "हो... नाही... मग केव्हा? अहो, अशानं आमचं काम बसेल." ठेवून म्हणाले, "कागदवाला. कागद नाही." सी-वाले म्हणाले, "चला, म्हणजे मला सी आणखी पुरेल," आणि मास्तरसुद्धा हसले. तीही हसली. तिच्या हसण्याचा आवाज तिला पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

वाक्य तिच्याकडे होतं. हेच तर. डर्थला शोभेल असं, कानावर पडलेलं, अडखळणारं वाक्य तिच्याकडे तीन महिन्यांपासून पडून होतं. धाकटी आली त्या दुपारी स्वयंपाकघरात उभी राहून बोलत होती, ठकी ताईच्या कडेवर गेलेली, रिकाम्या हातांचं काय करावं ते न कळून धाकटीने एक हात स्वतःच्या छातीवर ठेवला आणि म्हणाली, "दोन्हीकडे कोरडं, ताई. इथेही, आणि... बाजारातही." आणि रडायला लागली. आणि ताईने — मी — एका हाताने पोर सावरत दुसऱ्या हाताने फळीवरचं कार्ड ओढलं आणि लिहून घेतलं. सवयीने. पापणी मिटावी तसं. मागे वळवून लिहिलं — बहीण, बहिणीला, रडत. तेव्हाच धाकटीचं रडणं थांबल्याचं लक्षात आलं.

"लिही, लिही," धाकटी म्हणाली, नाक पुसत. "माझं नाव नको घालूस म्हणजे झालं."

"नावं नाही घालत आम्ही."

"हो का? बरं आहे मग." आणि मग दोघी हसल्या होत्या. खरंच हसल्या होत्या. पण निघताना धाकटीने पोरीचा पापा घेतला, ताईचा निरोप नीट घेतला नाही.

आता ते कार्ड तिने खणातून काढलं आणि डर्थखाली लावलं. बसत होतं. दोन वस्तू कमी, आणि हवं असणारं कुणीतरी, आपल्या पायांवर उभं. मास्तरांना आवडेल... तिला पहिल्यांदाच त्या वाक्याचा राग आला. हवं असणारं कुणीतरी, तर त्या वाक्यात ती कुठे होती? कार्डाच्या मागच्या बाजूला. 'बहिणीला.' ऐकणारी.

दुपार कलायला लागली. घरी आता ठकी जागी झाली असेल, सासूबाई डब्याचं झाकण उघडून चमचा शोधत असतील, चिमटीचिमटीने घालत असतील, पातळ, निळसर दूध, पोर पोटभर पिऊन अर्धपोटी राहील आणि रडेल आणि त्यांना कळणार नाही का रडते ते. मला कळतं. तिच्या रडण्याचे प्रकार आहेत, प्रत्येकाचं वेगळं कार्ड करता येईल. भुकेचं आधी हुंकारतं, झोपेचं एकदम वर चढतं... धाकटीला हे ठाऊक नाही. धाकटीला कसं ठाऊक असणार? ती होती तेव्हा ठकीला एकच रडणं होतं.

पुन्हा फोन. मास्तरांनी ऐकलं आणि रिसीव्हर तिच्याकडे धरला. "बाहेरगावचा. तुमचा, बाई."

"ताई?" आवाज दूरचा, पाण्याखालून आल्यासारखा.

"बोल."

"डबे नाही आले गं."

तिच्या आत दिवा लागला होता आणि तो आवाजात दिसू नये म्हणून ती श्वास धरून होती.

"ऐकतेयस ना? तो मेला म्हणतो, आणखी पंधरवडा तरी नाही."

"हं. मग..."

"पण मी येतेय."

"काय?"

"आज. बसस्टँडवरूनच बोलतेय. नाही राहवत मला. काल शेजारणीचं पोर रडलं ना, रात्रभर रडत होतं, तर... ताई, माझं पुढचं सगळं ओलं झालं. थेंबच असतील. पण दूधच होतं ते, मी चाखून बघितलं. म्हणजे येईल, नाही? तिनं तोंड लावलं की येईल?"

मास्तर खिडकीकडे वळले होते. सी-वाल्यांची कात्री थांबली होती. छापखाना मात्र चालू होता, आणि त्या आवाजाखाली तिच्या मनात वाक्य तयार उभं राहिलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत — डबे नसताना नेऊ नकोस, लेकराचे हाल होतील.

किती बरोबर होतं ते. कुणीही हेच म्हटलं असतं, डॉक्टर, सासूबाई, पायरीवरची ती बाईसुद्धा. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही, कुठे खाच नाही... आणि म्हणूनच ते जिभेवर येऊन थांबलं. गुळगुळीत. सोललेलं. इतकी वर्षं हेच काम केलेल्या कानाला ते वाक्य आतूनच ऐकू आलं आणि कानाने ते ओळखलं — हे बनवलेलं आहे. हे मला लेकराचे हाल नकोत म्हणून नाही आलेलं. हे मला लेकरू हवं म्हणून आलंय, आणि हालाचं झाकण घालून आलंय. मागची बाजू मला माहीत आहे. कोण म्हणालं — जिला हवं आहे ती. कुणाला — जिचं आहे तिला.

"ताई, तू सांग," धाकटी म्हणत होती. "तू नको म्हणालीस तर नाही येत. तू सांगशील तसं. खरंच. फक्त सांग, मिनिटं संपतायत..."

पी-पी वाजायला लागलं.

"ये," ती म्हणाली.

हा शब्द खरा होता. एवढंच तिला त्या क्षणी कळलं, की हा बोलताना घसा अडला आणि आवाज फाटला. म्हणजे हा बनवलेला नाही. रिसीव्हर ठेवताना तिला स्वतःविषयी जवळजवळ बरं वाटलं. स्वच्छ वाटलं. त्या स्वच्छ वाटण्याचा आता मला धाक वाटतो.

घरी पोचली तेव्हा सासूबाई दारातच होत्या. "चमचा कुठे गं घातलास? सगळं घर पालथं घातलं."

"पर्समध्ये राहिला. मग दूध?"

"केलं की. आपल्या आमटीच्या चमच्यानं. जन्मात काय त्या पिवळ्या चमच्यावाचून अडलं होतं?" आणि ठकी पोट टम्म करून झोपलेली, ओठ किंचित उघडे, सुखात. कोणाचंच अडलं नव्हतं. तिला अगदी बारीकसं दुखलं, नखाखाली काटा जावा तेवढं.

धाकटी आली ती धावतच आली. ठकीने तिच्याकडे गंभीरपणे पाहिलं, मग मावशीकडे पाहिलं, आणि एकदम वर चढणारं रडणं सुरू केलं. धाकटी पोरीला घेऊन आतल्या खोलीत गेली, दार लावलं. बाहेर तिघं उभी. आतून आधी रडणं, मग चोखण्याचा आवाज, मग पुन्हा रडणं, भुकेचं, हुंकारणारं. सासूबाई हळूच म्हणाल्या, "नाहीये गं तिला. काय करतेय ही पोर?" आणि दार उघडल्यावर धाकटीला म्हणाल्या, "अगं, राहा आठ दिवस इथेच. डबे येऊ देत, मग ने. तुझी ताई काय म्हणते?"

"ताईच म्हणाली ये म्हणून," धाकटी म्हणाली.

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. नवऱ्यानेही पाहिलं. आताही वेळ होती. वाक्य तिथेच होतं, पुरं, एकसंध. पण आता ते आणखी बनवलेलं झालं होतं, कारण आता ऐकायला माणसं होती. ती आत गेली आणि पिशवी भरायला लागली. नवरा डबा घेऊन आला, एकच उरला होता, निम्माअधिक. त्याने सवयीने तो कानाशी धरून हलवला, किती आहे ते ऐकायला, आणि काही न बोलता पिशवीत ठेवला. तिने पर्समधून चमचा काढला.

"सपाट भरायचा. ढीग नको, खळगा नको."

"कळतं मला, ताई."

"पाणी उकळून."

"कळतं गं."

आणि रात्रीची बस दोघींना घेऊन गेली. परत येताना तिला मास्तरांचं बोट आठवत होतं, खोडलेला शब्द आठवत होता. सकाळपर्यंत जे होतं ते मिळेल की जाईल असं होतं. आता ते नुसतं हवं होतं. घर तीन महिन्यांपूर्वीसारखंच झालं होतं, तीच भांडी, तोच रेडिओ, पण त्याच्या मधोमध कुणीतरी उभं होतं आणि ते बसायला तयार नव्हतं.

पुढचं सांगायला फार नाही. धाकटीचं दूध आलं नाही. थेंब आले, ते थेंबच राहिले. डबा पुरवायचा म्हणून ती अर्धा अर्धा चमचा घालत गेली, मग त्याहून कमी, आणि जहाज धक्क्याला लागलं तोवर ठकी इस्पितळात होती, हाताला सुई लावायला शीर सापडत नव्हती. मी गेले तेव्हा धाकटी बाकावर बसली होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तू नको का नाही म्हणालीस? तुला कळत होतं. मी थांबले असते की... मी थांबले असते." मी कार्ड काढलं नाही. त्यानंतर ती हे पुन्हा कधीही बोललेली नाही, आणि आमचं दर रविवारी फोनवर बोलणं होतं.

ठकी जगली. डोकं मोठं, उंची नाही. आता पन्नाशीला टेकली आहे, तिच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर आहे, फोटो काढताना टाचा उचलते आणि म्हणते, "मावशी, तुझ्याकडे आणखी महिनाभर राहिले असते तर आणखी चार बोटं वाढले असते." विनोद म्हणून म्हणते. सगळे हसतात, धाकटी चहा बघायला आत जाते. धाकटीला मागून मुलगा झाला, त्याच्या वेळी दूध इतकं की वाया जायचं. सासूबाई शेवटच्या आजारात, भान नसताना, "ठकी उठली का" असं विचारत राहिल्या. सी-वाल्यांचं सी संपलं, दात खरोखरच उरले नव्हते. निवृत्त झाल्यावरही ते भेटले की खिशातून कात्रण काढत. मास्तर एम्‌वर असताना गेले. कोश के पर्यंत छापला गेला आणि तिथेच थांबला, म्हणजे डर्थ आहे त्यात, आणि त्याच्याखाली धाकटीचं वाक्य आहे, नावाशिवाय. तो रिकामा डबा नवऱ्याने धाकटीकडून मागून आणला, मला न सांगता, आणि त्यात खिळे ठेवले. खिळा हवा असला की झाकण उघडण्याआधी तो डबा कानाशी धरून हलवायचा. त्यालाही काही हवं होतं का, हे मी विचारलं नाही, आणि आता तोही नाही.

चमचा धाकटीने इस्पितळातून निघताना माझ्या हातात दिला होता. माझ्याकडे तो कपडे धुण्याच्या सोड्याच्या पुड्यात असतो.

काल तो पुडा उघडला आणि मी ते वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं. अधूनमधून म्हणते, कसं वाटतं ते ऐकायला. डबे नसताना नेऊ नकोस. वर्षानुवर्षं ते मला बनवलेलं ऐकू आलं आहे, आणि त्यातच माझं समाधान होतं, की मी बनवलेलं बोलले नाही. काल मात्र म्हणताना मध्येच दम लागला. वय झालं, जिना चढले की लागतो. 'नेऊ'पाशी थांबले, श्वास घेतला, आणि मग 'नकोस'. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. वाक्य अडखळत गेलं, आणि ते अगदी कुणीतरी बोलल्यासारखं होतं, हवं असणारं कुणीतरी. मी चमचा हातात धरून उभी राहिले. सोडा सपाट भरला होता की नाही ते पाहायचं सुचलं नाही.